रेषा कुणीतरी ओढलेली असते

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या चाळीच्या भिंतीवर एक यादी चिकटवली गेली. परिशिष्ट दोन. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या भाषेत या दोन शब्दांना फार वजन आहे. योजनेत कोण पात्र आणि कोण अपात्र, याची ही सरकारी यादी. साकीनाक्याच्या आमच्या गल्लीत लोक ती दहावीचा निकाल बघावा तशी बघत होते. ओळीवर बोट ठेवून, नाव सापडेपर्यंत श्वास रोखून.

आमच्या नावापुढे ‘पात्र’ होतं. शेजारच्या काकूंच्या नावापुढे ‘अपात्र’.

दोन्ही खोल्यांमध्ये एक भिंत आहे, तीही अर्धी पत्र्याची. आमचा कुकर झाला की शिट्ट्या त्या मोजतात. पण माझे वडील १९९२ साली जत तालुक्यातून आले, खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात प्रेस मशीनवर लागले आणि पहिल्या दोन वर्षांत त्यांनी रेशनकार्ड काढलं. ते आजही एका प्लास्टिकच्या पिशवीत कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. काका-काकू मंगळवेढ्याहून आले ते २०१० च्या दिवाळीत. त्यांच्याकडचा सगळ्यात जुना कागद म्हणजे मार्च २०११ चं लाइट बिल.

नियम असा आहे: १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असाल तर घर मोफत. त्यानंतरचे पण १ जानेवारी २०११ पर्यंतचे असाल तर पैसे भरून घर. त्यापुढचे असाल तर नाही. काकूंचा कागद दोन-तीन महिन्यांनी चुकला.

काकू यादीसमोरून घरी आल्या आणि मला म्हणाल्या, “अरे, तू तेव्हा आठवीत होतास. तुझ्या सहामाहीचे मार्क तू मला येऊन सांगितलेस. मी इथे नव्हते, तर मग कोण होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या इथे होत्या, हे मला पक्कं माहीत आहे. पण माझं माहीत असणं हा पुरावा नाही.

*

हा लेख मी सरकारवर राग काढायला लिहीत नाहीये. तसा हक्क मला फारसा नाही. कारण त्याच महिन्यात मी स्वतः अशीच एक रेषा ओढली होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. छोटी कर्जं देणाऱ्या एका ॲपचं काम आमच्याकडे होतं. एक दिवस एक एक्सेल शीट आली, तीत पिनकोडची यादी. काम सोपं होतं: अर्जदाराचा पिनकोड या यादीत असेल तर अर्ज पुढे पाठवायचा नाही. ‘सध्या आपल्या भागात ही सेवा उपलब्ध नाही’ असा नम्र मेसेज दाखवायचा. कोड दोन-तीन ओळींचा. टेस्ट करताना मी यादी खाली सरकवत गेलो आणि थांबलो. ४०००७२. साकीनाका. माझा पिनकोड.

म्हणजे मी माझ्याच ॲपवर अर्ज केला असता, तर माझ्याच कोडने मला परत पाठवलं असतं. माझा पगार, माझी परतफेड, काहीही न बघता.

मी विचारलं, ही यादी कुठून आली? उत्तर आलं, आधीच्या व्हेंडरच्या शीटमधून. त्यांच्याकडे कुठून आली? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डेडलाइन शुक्रवारची होती. मी कोड टाकला. संध्याकाळी घाटकोपरच्या मेट्रोत बसलो, साकीनाक्याला उतरलो आणि काकूंच्या दारावरून घरी गेलो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. रेषा ओढणं हाच अन्याय आहे का? आणि नसेल, तर रेषा ओढणारा तिच्या जरा पलीकडे पडलेल्या माणसाचं काय देणं लागतो?

*

सुरुवात आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करू. आमच्या भागाच्या नावातच नाका आहे. नाका म्हणजे मुळात येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पट्टी घेण्याची जागा. आता आपण प्रत्येक चौकाला नाका म्हणतो, पण मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत जकातीसाठी ट्रक खरोखर थांबत होते. तिकडे दक्षिणेला शीव आहे. शीव म्हणजेच हद्द. तुम्ही कधी रिक्षावाल्याला ‘दादर?’ असं विचारलं असेल, तर ही हद्द अजून जिवंत आहे हे तुम्हाला माहीत आहे. वांद्रे आणि शीवच्या पुढे रिक्षा जात नाही.

या दोन टोकांच्या मधलं बेट म्हणजे साष्टी. सहासष्ट गावांवरून हे नाव पडलं असं मानतात. या बेटावर किती रेषा ओढल्या गेल्या ते बघा. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडच्या राजाला दिली आणि मुंबई आंदण गेली. पण ‘मुंबई’ म्हणजे कुठपर्यंत? इंग्रज म्हणत, साष्टीही त्यात आली. पोर्तुगीज म्हणाले, नाही. साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली आणि मधली खाडी दोन राज्यांची हद्द झाली. १७३७ ते १७३९ मध्ये मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली.

मग कारभाराच्या रेषा. आधी साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. १९२० मध्ये तिचा दक्षिणेकडचा भाग काढून मुंबई उपनगर जिल्हा केला. १९५० मध्ये जवळची उपनगरं महापालिकेच्या हद्दीत आली आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १ ऑक्टोबर १९९० ला बृहन्मुंबई जिल्ह्याचे पुन्हा दोन जिल्हे झाले, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. आपला जिल्हा आज अंधेरी, बोरीवली आणि कुर्ला अशा तीन तालुक्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख माणसं होती आणि ‘उप’नगरात सुमारे ९४ लाख. तिप्पट माणसं, तरी नाव ‘उप’च. नावं रेषा ओढणाऱ्याच्या जागेवरून ठेवली जातात. तो शीवच्या अलीकडे बसला होता, म्हणून आपण पलीकडचे.

आमच्या एका खोलीवरून किती रेषा जातात पाहा. जमिनीच्या कागदावर मौजे मोहिली, तालुका कुर्ला. महापालिकेत एल वॉर्ड, पण मरोळच्या दिशेने चालत गेलात की के पूर्व. विधानसभेला चांदिवली, लोकसभेला उत्तर मध्य. पोस्टाला ४०००७२. गटार तुंबलं की आधी अर्धा दिवस ते कोणत्या वॉर्डात तुंबलंय हे ठरवण्यात जातो. पाण्याला मात्र वॉर्ड नसतो.

यातली कोणतीही रेषा निसर्गाने आखलेली नाही. खाडी निसर्गाची आहे, पण ती हद्द आहे हे माणसाने ठरवलं. आणि तहाच्या मेजाभोवती मोहिली किंवा मरोळचा शेतकरी कधीच नव्हता.

*

माझा एक जुना प्रोजेक्ट लागोसच्या क्लायंटचा होता. नायजेरियातल्या लोकांसाठी खातं उघडायचा फॉर्म बनवायचा होता. त्यात दोन वेगळी फील्ड होती: ‘राहण्याचं राज्य’ आणि ‘मूळ राज्य’. मला वाटलं, चुकून दोनदा आलंय, आणि मी एक काढून टाकलं. तिकडच्या सहकाऱ्याने कॉलवर हसत हसत ते परत टाकायला लावलं. म्हणाला, दुसरं फील्ड काढलंस तर फॉर्मला अर्थच उरत नाही.

त्या फील्डमागचा इतिहास मी नंतर वाचला. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपच्या सत्तांनी आफ्रिका वाटून घेण्याचे नियम ठरवले, तिथे आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. १९१४ मध्ये इंग्रजांनी उत्तर आणि दक्षिण नायजेरिया कारभाराच्या सोयीसाठी एकत्र केले. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे तीन विभाग होते, १९६३ मध्ये चार झाले. प्रत्येक विभागात एक मोठा समाज आणि त्याच्या सावलीत अनेक छोटे. छोट्यांची तक्रार खरी होती. २७ मे १९६७ ला चार विभाग मोडून १२ राज्यं केली गेली. तीनच दिवसांनी पूर्वेकडच्या भागाने बियाफ्रा म्हणून स्वातंत्र्य जाहीर केलं आणि १९७० पर्यंत चाललेलं युद्ध सुरू झालं. पुढे १९७६ मध्ये १९ राज्यं, १९८७ मध्ये २१, १९९१ मध्ये ३० आणि १९९६ मध्ये ३६.

दर वेळी कारण योग्यच होतं: कुणीतरी रेषेच्या चुकीच्या बाजूला अडकलं होतं. आणि दर वेळी नव्या रेषेने नवे छोटे तयार केले. मोठ्या राज्यातला अल्पसंख्य नव्या राज्यात बहुसंख्य झाला आणि त्याच्या पलीकडे नवा अल्पसंख्य उरला.

‘मूळ राज्य’ म्हणजे तुमच्या वाडवडिलांचं राज्य. तुम्ही जन्मापासून दुसऱ्या राज्यात राहत असलात, तरी तिथल्या सरकारी नोकरीत, शिष्यवृत्तीत, कॉलेजच्या प्रवेशात ‘मूळचे’ पुढे आणि तुम्ही मागे. २००१ मध्ये जोस शहरात मोठी दंगल झाली, शेकडो माणसं मेली. मूळचा कोण आणि बाहेरून आलेला कोण, हा वाद तिच्या मुळाशी होता. सरकारने कारभारासाठी आखलेली रेषा दोन पिढ्यांत माणसाची ओळख झाली. नकाशावरची शाई रक्तात उतरली.

मग या रेषा पुसून का टाकल्या नाहीत? आफ्रिकेतल्या नेत्यांनी याचा विचार केला होता. १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी ऐक्य संघटनेने ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा होत्या त्याच पाळायच्या. त्या न्याय्य आहेत म्हणून नव्हे. एक हलवली तर सगळ्याच हलतील आणि मग लढाया संपणार नाहीत, म्हणून. वाईट रेषा आणि न संपणारा रेषांचा झगडा यांत त्यांनी वाईट रेषा निवडली. बेळगावचा प्रश्न घरात ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे पटायला जड जातं. मलाही गेलं. पण त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नाही.

*

इथे परत आमच्या यादीकडे येऊ.

ग्रीक विचारवंतांचं एक जुनं कोडं आहे, वाळूच्या ढिगाचं. ढिगातून एक कण काढला तर तो ढीगच राहतो. अजून एक काढला तरी राहतो. मग ढीग नक्की कोणत्या कणाला संपतो? कोणताही कण दाखवा, तो अन्यायच वाटेल. तरी एक कण म्हणजे ढीग नव्हे, हेही खरं. अठरा वर्षांना मतदान का, सतराला आणि अकरा महिन्यांना का नाही? याला उत्तर नाही. कुठेतरी रेषा लागते, आणि कुठेही ओढली तरी तिच्या अगदी पलीकडे कुणीतरी उभा असतोच. मुंबईत घरं मोजकी आहेत आणि येणारे न संपणारे. तारीख ठरवणं टाळता येणार नाही. तारीख आहे म्हणून मी सरकारला दोष देऊ शकत नाही.

पण मला वाटतं, रेषा मनमानी असते हे एकदा मान्य केलं की ओढणाऱ्यावर एक जबाबदारी येते. रेषेच्या पलीकडचा माणूस वाईट नाही, हे त्याने लक्षात ठेवायला हवं. आपण हेच विसरतो. आपली भाषाही विसरते. ‘पात्र’ म्हणजे लायक, योग्य. ‘अपात्र’ म्हणजे नालायक. यादीला म्हणायचं होतं फक्त एवढंच की कागद उशिराचा आहे. पण भिंतीवर लागलं ते काकूंच्या लायकीबद्दल. त्या दिवसापासून गल्लीत काही जण त्या घराला ‘ते अपात्रवाले’ म्हणतात. माझ्या कोडमध्येही हेच झालं होतं. पिनकोड हा पत्र पोचवायचा आकडा. आम्ही त्यावरून माणूस कर्ज बुडवेल की नाही ते ठरवलं. १९३० च्या दशकात अमेरिकेत सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते आणि धोक्याच्या वस्त्या लाल केल्या होत्या. त्यातल्या पुष्कळ वस्त्या काळ्या माणसांच्या होत्या. कर्ज नाही म्हणून घरं मोडकळली, आणि मोडकळलेली घरं दाखवून लाल रंग बरोबर ठरला. नायजेरियातल्या त्या फील्डची गोष्टही याच घराण्यातली आहे.

दुसरी गोष्ट मी माझ्या धंद्यातून शिकलो. आमच्याकडे टेस्टर एखाद्या नियमाची परीक्षा घेतो तेव्हा मधली उदाहरणं घेत नाही. तो सीमेवर जातो. नियम १ जानेवारीचा असेल तर तो ३१ डिसेंबर, १ जानेवारी आणि २ जानेवारी टाकून बघतो. कारण चुका तिथेच राहतात. ‘पेक्षा कमी’ लिहायचं की ‘पेक्षा कमी किंवा तितकंच’, एवढ्या फरकाने एक माणूस आत येतो किंवा बाहेर जातो. कारभारात उलटं असतं. १९९२ च्या रेशनकार्डाकडे आणि २०२० च्या नव्या झोपडीकडे बघायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागायला हवा तो काकूंच्या फाइलला. नेमकी तीच फाइल सगळ्यात लवकर बंद होते, कारण आकडा बघून निकाल देणं सोपं असतं.

यावर कुणी म्हणेल, काकूंना सूट दिली तर एप्रिल २०११ वाल्याला का नाही? मग मेवाल्याला? ढिगाचं कोडं पुन्हा सुरू. हा आक्षेप खरा आहे. सूट देणं म्हणजे रेषा सरकवणं, आणि इथे ती आधीच खूपदा सरकली आहे. १९८५, १९९५, २०००, २०११. सरकवून प्रश्न सुटत नाही, नायजेरियाने ते सहा वेळा करून दाखवलं.

पण सरकवण्याशिवाय दुसरा एक मार्ग आहे. पायरीच्या जागी उतार करायचा. प्राप्तिकराचा स्लॅब बघा. तुमचं उत्पन्न एका रुपयाने वरच्या स्लॅबमध्ये गेलं, तर वरचा दर त्या एका रुपयालाच लागतो. रेषा आहे, पण ती ओलांडताना कुणी कोसळत नाही. २००० नंतरच्यांना पैसे भरून घर, हा नियमही असाच अर्धा उतार आहे. सरकारलाही कधीतरी वाटलं असणार की मोफत घर आणि रस्ता यांच्या मध्ये काहीतरी असायला हवं. मग तो उतार १ जानेवारी २०११ ला कड्यासारखा का संपतो? त्यापुढच्याला जास्त किंमत, किंवा भाड्याचं घर, किंवा निदान जवळपासची जागा, असं काही का नाही?

आणि जिथे उतार शक्यच नाही तिथे? आमच्या बाजूने तानसाची मोठी जलवाहिनी जाते. उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिच्या दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर जागा मोकळी करायची होती. शहराचं पिण्याचं पाणी आहे, कारण रास्त आहे. नऊ मीटरवरचं घर जाणार, अकरावरचं राहणार, इलाज नाही. पण या वाहिनीकाठच्या अनेक कुटुंबांना पाठवलं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, आणि २०१५ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं होतं. दहा मीटरची रेषा चूक नव्हती. रेषा ओढून झाल्यावर पलीकडच्या माणसाचं काय होतं तिकडे न बघणं चूक होतं. शहराला पाणी मिळालं, तर त्याची किंमत शहराने भरायला हवी. ती दहा मीटरच्या आतल्यांनी एकट्यांनी भरली.

*

मी काय केलं, ते सांगायला हवं. नाहीतर हे सगळं फुकटचं शहाणपण होईल.

मी मॅनेजरला मेल लिहिली. पिनकोडवरून थेट नकार देण्याऐवजी असे अर्ज एखाद्या माणसाने बघावेत, आणि यादीतल्या प्रत्येक पिनकोडपुढे कारण लिहावं, एवढंच म्हटलं. तो भला माणूस आहे. म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, बॅकलॉगमध्ये टाक. मी टाकला. तो अजून बॅकलॉगमध्येच आहे. दर दोन आठवड्यांच्या मीटिंगमध्ये मी त्याचं नाव घेतो. सगळे मान हलवतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. माझ्या त्या तीन ओळी अजून चालू आहेत. आज सकाळीही त्यांनी कुणाला तरी ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही’ असं सांगितलं असेल. तो कदाचित आमच्याच गल्लीतला असेल.

काकूंचं अपील आम्ही केलं. २०१० चा एखादा कागद मिळतो का म्हणून दोन रविवार त्यांची ट्रंक उपसली. लग्नाची पत्रिका निघाली, मंगळवेढ्याची वीजबिलं निघाली, मुलाच्या बारशाचा फोटो निघाला. इथला, डिसेंबरच्या आधीचा, एकही कागद नाही. मी माझ्या वतीने एक पानी निवेदन लिहून जोडलं: २०१० च्या दिवाळीत मी आठवीत होतो, आणि या बाई आमच्या शेजारी राहायला आलेल्या होत्या. कायद्यात त्याला किती किंमत आहे मला कल्पना आहे. पण फाइल उघडणाऱ्याला निदान तारखेशेजारी एक माणूस दिसावा, असं वाटलं.

सुनावणीच्या दिवशी मी रजा टाकून काकूंसोबत गेलो. बाकावर बसून आमचा नंबर यायची वाट बघत होतो. काकूंनी पिशवीतून सगळे कागद काढले, तारखेप्रमाणे लावले आणि सगळ्यात वर माझं निवेदन ठेवलं. मी म्हटलं, “काकू, ते खाली ठेवा. लाइट बिल वर राहू दे.”

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “बिल तर त्यांनी आधीच वाचलंय.”